खड्यातलं लोखंड

शंकेखोर : तुझ्या त्या काळ्या खड्याला तू ‘ग्राउंडिंग स्टोन’ म्हणतेस. माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत गेलं, त्यामुळे ग्राउंडिंग म्हणजे काय ते मला शॉक खाऊन कळलंय. जमिनीत खड्डा काढायचा, तांब्याची नाहीतर जीआयची प्लेट उभी पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर भरायचं, उन्हाळ्यात वरून पाणी ओतत राहायचं आणि मीटर लावून किती ओहम भरतात ते बघायचं. आकडा वाढला की अर्थिंग गेलं, पुन्हा खणा. तुझ्या खड्याचा आकडा कशात मोजायचा? माणूस टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसलाय, पायात रबरी चप्पल, मुठीत खडा. खडा जमिनीला टेकलेलासुद्धा नाही. मग जमिनीशी कोण जोडलं गेलं?

खडेवाली : काका, तुम्ही पहिल्याच दमाला मीटर काढलात! शब्द विजेवाल्यांचा आहे, कबूल. पण मी ज्याबद्दल बोलतेय ते अंगात साचलेली वीज काढून टाकणं नव्हे. माझ्याकडे येणारी माणसं कशी असतात बघा. रात्री दोनला डोळा उघडतो, डोक्यात उद्याची यादी सुरू होते, छातीत धडधड. समोर कोणी बोलत असेल तर ओठ दिसतात, शब्द पोचत नाहीत. अशा माणसाला ‘शांत हो’ म्हटलं की तो जास्तच बिथरतो. मी त्याला काही करायला देते. दोन्ही तळवे फरशीवर टेक, पाठ सरळ ठेव, हा हेमॅटाइटचा खडा मुठीत धर आणि त्याचं वजन कुठल्या बोटावर येतंय ते सांग. गार आहे का? किती वेळाने कोमट झाला? कोणी तो खिशात ठेवतं, कोणी निजताना पावलांशी, कोणी उंबऱ्याच्या दोन बाजूंना. काळी टूरमलीन, धुरकट स्फटिक, लाल जास्पर हीसुद्धा त्याच कामाची. डोक्यात गेलेलं लक्ष हाता-पायांत उतरवायचं, एवढंच काम. मानसोपचारातही हे करतात. दिसणाऱ्या पाच वस्तू सांग, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. घाबरं झालेलं माणूस त्याने जागेवर येतं. माझा खडा त्यातल्या स्पर्शाच्या पायरीवर बसतो.

शंकेखोर : मग विषय मिटला की! खानापूरला मलप्रभेच्या पात्रात उतर आणि मुठीत मावेल असा गोटा उचल. फुकट, गार, गुळगुळीत. हेमॅटाइट कशाला पाहिजे?

खडेवाली : कारण गोटा हलका लागतो. हे मी मनाने बनवून सांगत नाही. स्फटिकाची घनता २.६५, हेमॅटाइटची पाचाच्या वर. दिसायला एवढासा, पण तळहातावर ठेवला की हात खाली जातो आणि माणूस दचकून बघतं. तो दचका मला हवा असतो. गारव्याचंही तसंच. खरा स्फटिक काचेपेक्षा गार लागतो, कारण तो हातातली ऊब लवकर ओढून घेतो. म्हणून पारखी लोक मणी गालाला लावून बघतात. प्लॅस्टिकचा चेंडू दिला तर यातलं काहीच होत नाही.

शंकेखोर : शाबास. वजन आणि गारवा, दोन्ही मोजता येतात. तू इथेच थांबली असतीस तर मी चहा पिऊन घरी गेलो असतो. पण खड्याबरोबर जो छापील कागद देतात त्यावर वजन-गारव्याचं अक्षर नसतं. टूरमलीन मोबाइलचे किरण शोषते, धुरकट स्फटिक ‘निगेटिव्ह एनर्जी’ जमिनीत सोडतो, हेमॅटाइट रक्त शुद्ध करतो, असं असतं. एकेक घेऊ. टूरमलीन तापवली की तिच्या टोकांवर विद्युतभार येतो, खरं आहे. सिलोनहून ती नेणारे डच लोक तिने पाइपमधली राख ओढून काढत. दाबल्यावर वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं, त्या स्फटिकांत टूरमलीनही होती. पण त्यासाठी दाब नाहीतर तापमानातला बदल लागतो. नुसता खिशात पडलेला खडा कसले किरण खाणार? तुझ्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर याच तत्त्वावर ठिणगी पाडतो. तो उशाशी घेऊन झोप म्हणून कोणी सांगत नाही. आणि तो धुरकट स्फटिक! त्याचा धुरकटपणाच किरणोत्सर्गातून आलेला. खडकात लाखो वर्षं पडून येतो, नाहीतर पांढऱ्या स्फटिकावर मुद्दाम गॅमा किरण सोडून आणतात. किरणांनी रंगवलेला दगड किरणांपासून वाचवायला विकायचा, याला धंद्याची हुशारी म्हणावं लागेल.

खडेवाली : त्या कागदावरचं मी सगळं म्हणत नाही.

शंकेखोर : पण कागद तर देतेस. बरं, हेमॅटाइट. तुझ्याकडची लोहचुंबकाला चिकटणारी ब्रेसलेटं हेमॅटाइटची नव्हेत, कारखान्यात केलेल्या फेराइटची आहेत. खरा हेमॅटाइट असा चिकटत नाही. ओळखायचा असेल तर कपबशी उलटी कर आणि बशीच्या बुडाला जी बिनचकाकीची कड असते तिच्यावर खडा घास. वरून काळा-रुपेरी दिसेल, पण रेघ उठेल ती लाल. गेरूसारखी नव्हे, गेरूचीच. ज्या खड्याचे तू ग्रॅमवर पैसे घेतेस तो आमच्या धंद्यात टनावर मोजतात. बळ्ळारी, संडूर, होस्पेटचे डोंगर त्याचेच आहेत. त्यासाठी लोकांनी केवढी लूट केली ते लोकायुक्तांच्या अहवालात आलं आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथलं खाणकाम थांबवलं. एवढ्या खड्यांच्या शेजारी राहून बळ्ळारीकरांचं चित्त काही जास्त थाऱ्यावर आलेलं ऐकलं नाही.

खडेवाली : काका, गेरूची गोष्ट काढलीत ते बरं झालं. तुम्ही ती माझ्याविरुद्ध काढलीत, पण मला ती माझ्याच बाजूची वाटते. हाच दगड दळून आपल्या आज्यांनी तुळशीवृंदावनाला लावला, चुलीच्या कडेला ओढला, दिवाळीला ओट्यावर फिरवला. खानापूरकडची माती आणि जांभा लाल दिसतो तो लोखंडाच्याच संयुगांनी. वैद्य लघुसूतशेखराची पुडी देतात तिच्यात सोनगेरू असतो. म्हणजे आपण या दगडावर चालतो, त्याने घर सारवतो, कधी पोटातही घेतो. परदेशी पुस्तकातून आलेली वस्तू म्हणून तुम्ही हसता, पण दगडाचा आधार घ्यायला आपल्याला परक्यांनी शिकवलेलं नाही. बारशाला वरवंट्याला कुंची घालून, गोप्या म्हणून, पाळण्याखालून-वरून फिरवतात की नाही? लग्नात अश्मारोहण असतं. नवरीचा पाय दगडावर ठेवायचा आणि या दगडासारखी स्थिर हो म्हणायचं. गृह्यसूत्रांच्या काळापासून चालत आलंय. याहून वेगळा ग्राउंडिंग स्टोन कुठला दाखवू?

शंकेखोर : थांब, तू दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधतेस. वरवंटा उद्या वाटणाला लागतो. शेताच्या बांधावरचा म्हसोबा सगळ्या वस्तीचा असतो. त्याला शेंदूर आणि वर्षाचा नारळ मिळाला की झालं, तो कोणाला आपल्या साइझमध्ये विकत घ्यावा लागत नाही. तुझा खडा एकट्या माणसाचा, पाकिटातला. वर मूलाधार चक्राचं नाव त्याला चिकटवलेलं. त्याचा धागा मी शोधलाय. पूर्णानंदांचं ‘षट्चक्रनिरूपण’ १५७७ चं. त्यात मूलाधाराचं कमळ चार पाकळ्यांचं, तांबडं, आत पृथ्वीचा चौकोन पिवळा. मुठीत काळा खडा धरायला कोणी सांगितलेलं नाही. त्याचं इंग्रजी आर्थर अव्हॅलॉन या नावाने १९१९ मध्ये आलं, मग थिऑसॉफीवाल्या लेडबीटरचं चक्रांवरचं पुस्तक १९२७ मध्ये. अमेरिकेत कॅटरिना राफेलने १९८५ मध्ये स्फटिकांचं पुस्तक काढलं, जूडी हॉलचं ‘क्रिस्टल बायबल’ २००३ चं. त्या वाटेने इंद्रधनुष्याचे सात रंग, सात चक्रं आणि सात खडे अशी पेटी तयार झाली आणि ती पेटी आता परंपरा म्हणून आपल्याच दारात परत आली. शेंदराचा दगड आणि ही पेटी एक नव्हेत.

आणि अश्मारोहणाचं म्हणशील तर तो दगड मला कधीच निरागस वाटला नाही. स्थिर हो असं कोणाला सांगतात? नवरीला. नवऱ्याला नाही. परक्या घरात आलीस, आता हलू नकोस. तुझ्याकडे येणाऱ्यांत बायका किती आणि पुरुष किती, सांग बघू.

खडेवाली : बायकाच जास्त. सांगायला लाज कसली! नोकरी, सासू-सासरे, मुलांच्या परीक्षा, आणि रात्री दोनची ती यादी. त्या घरात कोणाला सांगू शकत नाहीत की मला तासभर एकटं बसायचंय. ‘खड्याचं ध्यान करायचंय’ म्हटलं की दार लावता येतं. घरातली माणसं हसतात, पण दार लावू देतात. लग्नात तिला दगडावर उभं केलं होतं. आता दगड तिच्या मुठीत आहे, आणि नको झाला तर ती तो खाली ठेवू शकते. हा फरक तुमच्या ओहमच्या मीटरवर येणार नाही.

शंकेखोर : हा फरक मी मानतो. आणि म्हणूनच मला भीती वाटते, कारण दार लावून बसलेल्या बाईकडे डॉक्टरही पोचत नाही. ओळखीतली एक निपाणीची बाई, तंबाखूच्या वखारीत काम करणारी. चक्कर यायची, हातपाय गार पडायचे, जिना चढताना धाप, कशात लक्ष लागायचं नाही. कोणीतरी सांगितलं, तू ‘ग्राउंडेड’ नाहीस, मूलाधार कमजोर आहे. तिने हेमॅटाइटची माळ घेतली. कित्येक महिने गळ्यात घालून वखारीत गेली. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं खाली की डॉक्टरांनी तिला बसवूनच घेतलं. कळतंय ना? हेमॅटाइटमध्ये वजनाने सत्तर टक्के लोह असतं. बाईच्या गळ्यात लोह होतं, रक्तात नव्हतं. कातडीतून ते आत जात नाही. लोहाची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे तुझ्यासमोर ‘पाय जमिनीवर नाहीत’ म्हणत बसलेल्या दोघींपैकी एकीला तरी गोळी हवी असण्याची शक्यता आहे. थकवा, चक्कर, गार हात, विस्कटलेलं डोकं ही तुझ्या पुस्तकातली ‘अनग्राउंडेड’ची लक्षणं रक्तक्षयाच्या यादीत जशीच्या तशी सापडतात. थायरॉइडच्या यादीतही बरीच.

खडेवाली : ती माळ मी दिली नव्हती.

शंकेखोर : तू दिली असतीस का?

खडेवाली : दिली असती. लक्षणं ऐकून मीही हेमॅटाइटच काढला असता.

(यानंतर दोघंही जरा चढ्या आवाजात बोलले. तो भाग गाळला आहे. त्यात दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांचा उल्लेख होता, आणि ते नातेवाईक इथे बाजू मांडायला हजर नाहीत.)

शंकेखोर : कायदासुद्धा तुमच्या बाजूचा नाही. ताईत, मंत्र, कवच किंवा तसलं काही वापरून रोग बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. वर आपला सीमाभाग. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, इकडे कर्नाटकाचा २०१७ चा, जो २०२० मध्ये लागू झाला. या दोन कायद्यांच्या आसपास काय घडलं ते आठव. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारे दाभोलकर पुण्यात, पानसरे कोल्हापुरात, कलबुर्गी धारवाडला, तिघांनाही गोळ्या घातल्या. तिन्ही गावं इथून मोटारीने गाठण्यासारखी. त्या माणसांनी शंका घ्यायची किंमत दिली, आणि आपण इथे मूलाधाराचा काळा खडा घेऊन बसलोय.

खडेवाली : त्या तिघांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, पण त्यांचं नाव घेऊन तुम्ही माझ्यापुढचा प्रश्न सोपा करून टाकताय. मी नरबळी देत नाही, अंगात आणत नाही, औषध बंद कर म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. खड्यात शक्ती नाही हे मी मान्य केलं, उद्या कागदही फाडून टाकला, तरी बायका बऱ्या होऊन जातात याचं काय करू?

शंकेखोर : त्याचं उत्तर झालंय. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये ऐंशी जणांवरचा प्रयोग मांडला. काहींच्या हातात खरा स्फटिक, काहींच्या हातात नकली, आणि पाच मिनिटं ध्यान. हाताला मुंग्या, ऊब, शांतता, दोन्ही गटांना सारखंच जाणवलं. नकलीवाल्यांनाही.

खडेवाली : तो प्रयोग मला माहीत आहे, आणि तुम्ही त्यातलं अर्धंच बघताय. नकली खड्यानेही जाणवलं म्हणजे खडा खोटा ठरला, जाणवणं खोटं ठरलं नाही. आता माझ्याकडचा प्रयोग ऐका. हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी २०१० मध्ये आतड्याच्या जुन्या दुखण्याच्या ऐंशी रुग्णांची वाटणी केली. जवळजवळ निम्म्यांना तोंडावर सांगितलं की या गोळीत औषध नाही, आणि तरी घ्यायला लावली. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. गोळी न दिलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना. म्हणजे खरं सांगूनही काम होतं. मी तेच करते म्हणा. ‘बाई, या दगडात काही नाही, पण रोज दहा मिनिटं तो धरून बस.’ मग तरी तुमची हरकत आहे?

शंकेखोर : आहे, पण लहान झाली. त्या रुग्णांना नुसतं ‘काही नाही’ असं सांगितलं नव्हतं. शरीर अशा गोळीलाही दाद देतं, हे भरवशाने समजावलं होतं. शिवाय आराम त्यांनीच सांगितलेला, कोणी मोजलेला नाही. दुखणं, धडधड, झोप हे अशाने सुधारेल. हिमोग्लोबिन सुधारणार नाही. म्हणून माझी पहिली अट अशी की खड्याच्या आधी रक्ताचा रिपोर्ट. रिपोर्ट नाही तर खडा नाही.

खडेवाली : मान्य. उद्यापासून.

शंकेखोर : दुसरी. तुझ्या पेटीतला जास्पर, अकीक बहुतेक खंभातहून येतो. रतनपूरच्या खाणीतला दगड, खंभातच्या गल्ल्यांत घासलेला. तिथे घरोघर चाकावर दगड घासतात. त्याची धूळ छातीत जाऊन कारागिरांना सिलिकोसिस होतो, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावर अभ्यास केलाय. ही धूळ मला सांगायला नको. आमची मोल्डिंगची वाळू म्हणजे स्फटिकाचाच भुगा. फौंड्रीत बरोबर काम केलेल्यांचा खोकला मी ऐकलाय. टिळकवाडीतल्या बाईचा श्वास सुधारावा म्हणून खंभातच्या बाईचा जातो. कागद छापायचाच असेल तर हे छाप.

खडेवाली : याला माझ्याकडे उत्तर नाही. ओल्या घासणीचा माल मिळतो का ते विचारीन. महाग पडेल.

शंकेखोर : पडू दे. तिसरी आणि शेवटची. खड्यात काही नाही हे तू मान्य केलंस. मग खड्याचे पैसे घेऊ नकोस. तू तासभर बसतेस, ऐकतेस, श्वास घ्यायला शिकवतेस, त्याचे घे. खडा वर फुकट दे.

खडेवाली : इथे अडतं, काका. दिला होता मी फुकट, बऱ्याच जणींना. कुंडीत गेला, मुलांच्या खेळण्यात गेला. विकत घेतलेला जपून ठेवतात आणि रोज धरतात. आणि हे माझ्यापुरतं नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ८२ लोकांना विजेचे हलके झटके देऊन एकच बिनऔषधाची गोळी दिली. कोणाला सांगितलं हिची किंमत अडीच डॉलर, कोणाला सांगितलं दहा सेंट. महाग वाल्यांपैकी ८५ टक्क्यांचं दुखणं कमी झालं, स्वस्त वाल्यांपैकी ६१ टक्क्यांचं. गोळी एकच! तुम्ही मला खरं बोलायला सांगता, ते मी बोलेन. पण खऱ्याबरोबर किंमतही शून्यावर आणली तर ज्याच्यामुळे काम होतंय त्यातलंच काहीतरी तुम्ही काढून घेताय.

शंकेखोर : म्हणजे ज्यात काही नाही असं आपणच सांगितलं, त्याचे जास्त पैसे घ्यायचे, कारण जास्त घेतले की ते जास्त लागू पडतं? आणि वखारीतल्या बाईकडे तेवढे नसले तर तिला कमी लागू पडू दे?

खडेवाली : तसं मी म्हटलेलं नाही.

शंकेखोर : पण आकडा तुला सांगावा लागेल. दाराशी बाई उभी आहे, रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय, झोप येत नाही. खडा बळ्ळारीचा, मूळ किंमत नगण्य. काय सांगशील?

खडेवाली : तिला काय परवडतं ते आधी विचारीन, आणि त्यातलं तिला थोडं टोचेल इतकं घेईन.

शंकेखोर : टोचेल इतकं किती, हे ठरवणार कोण? तू?

खडेवाली : तुमचे डॉक्टर फी ठरवतात तेव्हा कोण ठरवतं?

शंकेखोर : त्यांच्या गोळीत लोह असतं.

खडेवाली : प्रत्येक गोळीत नसतं, काका. व्हिटॅमिनची इंजेक्शनं आपल्या गावात कशी आणि कोणाला टोचतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडून तीन अटी लिहून घेतल्यात ना, आता तोच कागद त्या दवाखान्यातही घेऊन चला. मी बरोबर येते.